टायटल हरवलेली गाडी देणगी देताना

अमेरिकेत जुनी गाडी धर्मादाय संस्थेला देण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर माहिती भरली की ठरलेल्या दिवशी टो ट्रक दारात येतो आणि गाडी घेऊन जातो. देणगीदाराला त्यासाठी एक डॉलरही मोजावा लागत नाही. या व्यवहारात देणगीदाराकडून एकच महत्त्वाचा कागद मागितला जातो, तो म्हणजे गाडीचे टायटल, अर्थात मालकीचा दाखला, आणि नेमका तोच कागद पुष्कळ घरांत ऐन वेळी सापडत नाही. कायमचे भारतात परतायला निघालेली कुटुंबे, शिक्षण संपवून दुसऱ्या राज्यात नोकरीला गेलेले विद्यार्थी, वडिलांच्या पश्चात त्यांची गाडी दारात उभी असलेली मुले, अशा अनेकांना ही अडचण येते. घाई असते, गाडीची जागा रिकामी करायची असते आणि मग ‘टायटल नसले तरी चालेल, आम्ही बघून घेऊ’ असे सांगणाऱ्याच्या हाती गाडी सोपवली जाते. हा मार्ग बहुतेक वेळा धोक्याचा असतो, आणि तो टाळणे वाटते त्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

टायटल हरवले म्हणून मालकी हरवत नाही, हे सर्वप्रथम लक्षात घ्यावे. गाडीच्या मालकीची मूळ नोंद राज्य सरकारच्या दप्तरात असते. घरातील कागद हा त्या नोंदीवरून दिलेला दाखला असतो आणि तो गहाळ झाल्यास राज्य दुसरा देते. बहुतेक राज्यांत हे काम एक अर्ज, एक ओळखपत्र आणि माफक शुल्क एवढ्यावर होते. म्हणून क्रम पक्का ठेवावा: आधी कागद हातात यावा आणि मगच गाडी दारातून हलावी.

टायटल आणि रजिस्ट्रेशन हे वेगळे कागद

भारतातून आलेल्या माणसाचा गोंधळ येथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात गाडीची मालकी आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी आरसीवरच दिसतात. कर्ज असेल तर हायपोथिकेशनचा शेराही त्याच आरसीवर येतो, आणि गाडी विकताना फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत त्याच नोंदीत नाव बदलले जाते. अमेरिकेत मात्र हे दोन स्वतंत्र कागद असतात. रजिस्ट्रेशन म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याची नोंदणी. ती ठरावीक मुदतीने नवी करावी लागते आणि तिचा कागद गाडीत ठेवतात. टायटल म्हणजे मालकीचा दाखला. तो एकदाच मिळतो, मालक बदलेपर्यंत सहसा बदलत नाही आणि तो गाडीत न ठेवता घरात जपून ठेवायचा असतो. वर्षानुवर्षे रजिस्ट्रेशन हाताळणाऱ्या माणसाला हाच गाडीचा कागद असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु देणगी देताना रजिस्ट्रेशनवर सही करून मालकी संस्थेकडे जात नाही. टायटलवर मालकाने हस्तांतराच्या रकान्यात सही केली म्हणजेच ती जाते.

फार जुन्या गाड्यांबाबत काही राज्यांचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क राज्य १९७२ किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या गाडीला टायटलच देत नाही; तेथे हस्तांतर करता येण्याजोगे रजिस्ट्रेशन हाच मालकीचा पुरावा मानला जातो. सर्वसाधारण कुटुंबाच्या गाडीला मात्र ही सवलत लागू होत नाही.

हरवले आहे की मुळात हाती आलेच नव्हते?

दुय्यम प्रतीसाठी अर्ज करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण सापडत नसलेली अनेक टायटले प्रत्यक्षात हरवलेली नसतात. गाडी कर्जावर घेतली असेल, तर बहुतांश राज्यांत कर्ज फिटेपर्यंत टायटल कर्ज देणाऱ्या संस्थेकडे राहते. आजकाल तर ते पुष्कळदा कागदावर छापलेच जात नाही. राज्याच्या संगणकात मालकाचे नाव आणि त्यावर बँकेचा हक्क अशी केवळ इलेक्ट्रॉनिक नोंद असते. सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढतो आणि कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेत या बोज्याला लीन म्हणतात. शेवटचा हप्ता भरला तरी बँकेने लीन उतरवल्याचे राज्याला कळवले नसेल, किंवा कळवूनही छापील टायटल आपल्या जुन्या पत्त्यावर गेले असेल, तर घरात कितीही शोधाशोध केली तरी ते सापडणार नाही.

अशा वेळी प्रथम बँकेकडून लीन उतरवल्याचे पत्र, म्हणजे लीन रिलीज, मागून घ्यावे. ज्या बँकेकडून कर्ज घेतले होते ती दरम्यान दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर पत्र देण्याची जबाबदारी नव्या बँकेवर येते. ती बँक बुडाली असेल आणि तिचा कारभार एफडीआयसी या संघराज्य संस्थेने हाती घेतला असेल, तर लीन उतरवल्याचे पत्र मिळवण्यासाठी एफडीआयसीकडे अर्ज करता येतो. कर्ज फिटलेले नसेल, तर मात्र देणगीचा विचार बाजूला ठेवावा. बोजा असलेली गाडी धर्मादाय संस्था सहसा स्वीकारत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

राज्य कोणते, हा दुसरा मुद्दा. ओहायोत शिकताना गाडी घेतली आणि नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आलो, असे घडणे नेहमीचे आहे. दुय्यम टायटल मागायचे ते जेथे गाडी सध्या उभी आहे त्या राज्याकडे नव्हे, तर ज्याने शेवटचे टायटल दिले त्या राज्याकडे. नव्या राज्यात गाडीची नोंदणी करताना जुने टायटल जमा करून नवे घेतले असेल, तर नवे राज्य; घेतले नसेल, तर जुने. हे आठवत नसेल, तर गाडीचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घेऊन आपल्या राज्याच्या वाहन विभागाकडे विचारणा करावी. १९८१ पासूनच्या गाड्यांवर हा क्रमांक सतरा अक्षरांचा व अंकांचा असतो आणि तो चालकाच्या बाजूला डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून बाहेरून वाचता येईल असा कोरलेला असतो.

सर्वांत अडचणीची परिस्थिती आणखी वेगळी आहे. गाडी एखाद्या ओळखीच्या माणसाकडून घेतली, त्याने टायटलवर सही करून दिली, परंतु आपण ते वाहन विभागात नेऊन आपल्या नावावर केलेच नाही आणि मध्येच ते हरवले. येथे राज्याच्या दप्तरी मालक अजूनही तो विक्रेताच असतो, त्यामुळे दुय्यम प्रत मागण्याचा अधिकारही त्याचाच असतो. त्याला गाठून अर्ज करायला लावणे हाच सरळ मार्ग आहे. तो सापडतच नसेल, तर अनेक राज्यांत जामीनपत्रावर टायटल देण्याची सोय आहे: गाडीच्या किमतीहून अधिक रकमेचे, बऱ्याच राज्यांत दीडपट रकमेचे, हमीपत्र विकत घ्यावे लागते आणि नंतर खरा हक्कदार पुढे आल्यास त्याची भरपाई त्यातून होते. जुन्या, हजारभर डॉलरच्या गाडीसाठी हा खटाटोप परवडेलच असे नाही. अशा वेळी ती गाडी भंगारात देण्याविषयी राज्याचे नियम काय आहेत, ते आधी पाहावे.

दुय्यम टायटल मिळवणे

हे काम बहुतेक राज्यांत डीएमव्ही, म्हणजे राज्याचा वाहन विभाग, करतो, पण प्रत्येक ठिकाणी खात्याचे नाव तेच नसते. इलिनॉयमध्ये ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे आहे, न्यू जर्सीत मोटर व्हेइकल कमिशनकडे, तर टेक्ससमध्ये डीएमव्ही आहे पण चालक परवाने वेगळे खाते देते. अर्जांची नावेही राज्यागणिक बदलतात: न्यूयॉर्कमध्ये एमव्ही-९०२, टेक्ससमध्ये व्हीटीआर-३४, कॅलिफोर्नियात आरईजी २२७. शुल्कात बरीच तफावत आहे. टेक्ससमध्ये टपालाने अर्ज केल्यास दोन डॉलर आणि प्रत्यक्ष गेल्यास ५.४५ डॉलर, न्यूयॉर्कमध्ये २० डॉलर, तर न्यू जर्सीत ६० डॉलर पडतात. शुल्क अधूनमधून बदलते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पाहून घ्यावे. अधिकृत म्हणण्याचे कारण असे की शोधयंत्रात डीएमव्ही टाइप केल्यावर वरच्या ओळींत अनेकदा खासगी कंपन्यांची संकेतस्थळे दिसतात. ती सरकारी असल्यासारखी सजवलेली असतात आणि फुकट मिळणाऱ्या अर्जासाठी पैसे घेतात. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सहसा डॉट जीओव्हीने संपतो.

अर्जात मागितली जाणारी माहिती साधी असते: व्हीआयएन, पाटीचा क्रमांक, मालकाचे नाव व पत्ता, टायटल हरवले की चोरीला गेले की खराब झाले, आणि असल्यास लीनची स्थिती. सोबत चालक परवाना आणि गरज असल्यास लीन उतरवल्याचे पत्र जोडावे लागते. टायटल खात्याच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावरच पाठवले जाते, ही गोष्ट घाईत विसरली जाते. घर बदलले असेल, तर आधी पत्ता बदलून घ्यावा आणि मग अर्ज करावा, नाहीतर दुय्यम प्रतही पहिल्याप्रमाणेच परक्या पत्रपेटीत जाऊन पडेल. वेळेच्या बाबतीतही राज्याराज्यांत फरक आहे. फ्लोरिडात जादा शुल्क भरून कार्यालयातच छापील टायटल मिळू शकते, टेक्ससच्या विभागीय सेवा केंद्रांत त्याच दिवशी प्रत मिळते, परंतु टपालाने अर्ज करायचा तर काही आठवडे धरून चालावे. भारतात परतण्याची तारीख ठरलेली असेल, तर तिकिटाच्या जोडीने हा अर्जही लगेच करून टाकावा.

कॅलिफोर्नियाची पद्धत देणगीदारासाठी विशेष सोयीची आहे. तेथील आरईजी २२७ हा अर्ज दुय्यम प्रतीसाठीही चालतो आणि हस्तांतरासाठीही. त्यामुळे आधी टायटल मागवून, ते आल्यावर सही करून देण्याऐवजी एकाच अर्जावर हक्क सोडल्याची सही करून गाडी संस्थेच्या नावे करता येते. टायटल नसले तरी चालेल असे कॅलिफोर्नियातील एखादी चांगली संस्था सांगते, तेव्हा तिच्या मनात बहुधा हाच अर्ज असतो. मात्र गाडी २०११ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची असेल, तर किती मैल झाले याचे लेखी निवेदनही लागते. ते संघराज्याच्या कायद्यानुसार मूळ टायटलवर किंवा खास सुरक्षित कागदावरच असावे लागते. कॅलिफोर्नियात त्यासाठीचा आरईजी २६२ हा अर्ज घरी छापून चालत नाही. तो खात्याकडूनच घ्यावा लागतो. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलला या निवेदनातून सूट आहे.

दुय्यम टायटल निघाले की जुने रद्द होते. मूळ कागद पुढे एखाद्या वहीत सापडला, तरी त्यावर सही करून तो कोणाला देऊ नये.

नावे, सह्या आणि मुखत्यारपत्र

मराठी कुटुंबांची खरी दमछाक होते ती नावांवरून. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, लग्नानंतर ते आणि आडनाव दोन्ही बदलू शकतात. डीलरने टायटलवर एक रूप टाइप केलेले असते, परवान्यावर दुसरे असते आणि पासपोर्टवर तिसरे. गाडी घेताना हे कोणी बारकाईने पाहत नाही, पण हस्तांतराच्या वेळी टायटलवरील नाव आणि सही करणाऱ्याच्या ओळखपत्रावरील नाव जुळले नाही, तर कागद परत येतो. यावर उपाय आहे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे निवेदन बहुतेक राज्ये स्वीकारतात. काही ठिकाणी त्यासाठी छापील अर्ज असतो, काही ठिकाणी नोटरीसमोर सही करावी लागते. विवाहामुळे नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जवळ ठेवावी. दुय्यम टायटलसाठी अर्ज करताना नाव टायटलवर जसे आहे तसेच लिहावे. दुरुस्त रूप लिहिल्यास दप्तरातील नोंद जुळत नाही.

टायटलवर पती-पत्नी दोघांची नावे असल्यास त्यांच्यामधील शब्द पाहावा. कॅलिफोर्नियात दोन नावांमध्ये ‘अँड’ असेल, तर दोघांच्याही सह्या लागतात आणि ‘ऑर’ असेल, तर एकाचीही चालते. सर्व राज्यांत हा नियम असाच नाही, त्यामुळे दोघेही हजर असतील, तर दोघांनीही सही करणे उत्तम.

मालक आधीच भारतात परतला असेल, तर मुखत्यारपत्र लागते. अनेक राज्यांच्या वाहन खात्यांचा त्यासाठी स्वतंत्र, एका पानाचा अर्ज असतो. वकिलाकडून करून घेतलेल्या लांबलचक सर्वसाधारण मुखत्यारपत्रापेक्षा तो अर्ज बरा, कारण काउंटरवरील कर्मचारी तो ओळखतो. तो नोटरीसमोर सही केलेला हवा असेल, तर भारतातील नोटरीचा शिक्का ते राज्य मानते का, हे आधी विचारून घ्यावे. मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन नोटरीची सेवा मिळते आणि अमेरिकेतील कार्यालयांत ती सहज मान्य होते. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून त्यासाठी मुंबईला जाणे कष्टाचे आहे. म्हणूनच निघण्यापूर्वी, गाडी देणे लगेच शक्य नसले तरी, निदान मुखत्यारपत्रावर सही करून ते विश्वासू माणसाकडे ठेवून जावे.

मालकाचे निधन झाले असेल, तर त्याने हयातीत दिलेले मुखत्यारपत्र त्या क्षणापासून निकामी होते. मुलाजवळ वडिलांचे मुखत्यारपत्र होते म्हणून तो त्यांच्या मागे टायटलवर सही करू शकत नाही, आणि केल्यास ती बेकायदा ठरते. येथे वारसाहक्काचा मार्ग घ्यावा लागतो. मालमत्ता लहान असेल, तर अनेक राज्यांत न्यायालयात न जाता प्रतिज्ञापत्रावर गाडी वारसाच्या नावे होते. कॅलिफोर्नियात निधनानंतर ४० दिवस उलटल्यावर आरईजी ५ हा अर्ज त्यासाठी वापरता येतो. दुःखाच्या दिवसांत हे कागद नकोसे वाटतात, पण ही गाडी वडिलांच्या नावावर तशीच दिली गेली, तर पुढे येणारी प्रत्येक नोटीस आईच्या पत्त्यावर येत राहते.

‘टायटल नको’ म्हणणाऱ्यांविषयी

अशा सर्वच जाहिराती खोट्या नसतात. काही संस्था दुय्यम प्रतीचा अर्ज भरून देण्यात मदत करतात, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात एकत्र अर्ज चालतो, आणि काही राज्ये फार जुनी, कमी किमतीची गाडी नोंदणीकृत भंगार व्यावसायिकाला टायटलशिवाय नष्ट करू देतात. या तिन्ही परिस्थितींत कोणता ना कोणता अधिकृत अर्ज भरला जातो. कोणताच अर्ज न भरता गाडी उचलून नेण्याची तयारी दाखवणाऱ्याला मात्र ती देऊ नये.

कारण स्पष्ट आहे. राज्याच्या नोंदीत मालक म्हणून आपले नाव असेपर्यंत त्या गाडीवर लागलेले टोल, पार्किंगचे दंड आणि बेवारस सोडलेल्या गाडीच्या उचलणीचा व साठवणीचा खर्च आपल्या दारी येतो. ती एखाद्या अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली, तर पोलीस प्रथम नोंदीतील मालकाला शोधतात. गाडी आपण दिली होती हे नंतर सिद्ध करता येते, पण ते सिद्ध करण्याचा भार आपल्यावर पडतो, आणि हजारो मैल दूर नाशिकमध्ये बसून ते करणे सोपे नाही. याच कारणासाठी टायटल हाती असतानाही त्यावर सही करताना गाडी घेणाऱ्याचे नाव कोरे सोडू नये. संस्थेचे पूर्ण नाव, तारीख आणि मैल भरून मगच ते द्यावे आणि द्यायच्या आधी दोन्ही बाजूंची छायाप्रत काढावी. कोरे टायटल हातोहात फिरत राहते आणि मधल्या कोणाचेच नाव नोंदीत येत नाही.

पुष्कळ संस्था स्वतः गाड्या हाताळत नाहीत. मध्यस्थ कंपनी गाडी उचलते, लिलावात विकते आणि आपला खर्च कापून उरलेली रक्कम संस्थेला देते. यात गैर काही नाही, परंतु विक्रीतून संस्थेच्या हाती किती जाते हा प्रश्न विचारण्याचा देणगीदाराला पूर्ण अधिकार आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालात ५४ देणगीच्या गाड्यांचा माग काढला होता. त्यांपैकी दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत देणगीदाराने करवजावटीसाठी जे मूल्य सांगितले, त्याच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेला मिळाल्याचे आढळले. त्यानंतर २००४ मध्ये कायदा बदलला. याउलट मेरीलँडमधील व्हेइकल्स फॉर चेंज किंवा व्हर्माँटमधील गुड न्यूज गॅरेज यांसारख्या संस्था चालू स्थितीतील गाड्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना मिळवून देतात. गाडी धड चालत असेल, तर माझी पसंती अशाच संस्थेला राहील, कारण तेथे गाडी गाडी म्हणूनच एखाद्याच्या उपयोगी पडते.

करवजावट: अपेक्षा नेमकी ठेवावी

वजावट मिळवण्यासाठी संस्था पात्र असावी लागते. आयआरएस या अमेरिकी कर खात्याच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेण्याची सोय आहे. तेथे संस्थेचे नाव पाहावे. आपले मंडळ किंवा मंदिर करकायद्याच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले असेल, तर त्यालाही गाडी देता येते, पण गाडीचे हस्तांतर आणि विक्री करण्याची त्यांची तयारी आहे का, हे आधी विचारावे. भारतातील संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर अमेरिकेत वजावट मिळत नाही.

२००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार, ५०० डॉलरपेक्षा अधिक वजावट मागायची असेल, तर सर्वसाधारणपणे संस्थेने गाडी जितक्याला विकली तितकीच रक्कम मागता येते. किंमत पुस्तिकेत गाडीचे मूल्य ४,००० डॉलर असेल आणि लिलावात तिला ९०० डॉलर आले, तर वजावट ९०० डॉलर. गाडी ५०० डॉलर किंवा त्याहून कमी किमतीला गेली, तर बाजारमूल्य आणि ५०० डॉलर यांपैकी जे कमी असेल तेवढी वजावट मागता येते. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी बराच काळ वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली किंवा गरजू व्यक्तीला ती दिली अथवा फार कमी किमतीत विकली, तरच पूर्ण बाजारमूल्य मागता येते. संस्था विक्रीपासून ३० दिवसांत, आणि वरच्या अपवादांत देणगीपासून ३० दिवसांत, फॉर्म १०९८-सी ही गाडीच्या देणगीची पोच देते. त्यावर देणगीदाराचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि व्हीआयएन असतो, आणि विवरणपत्रासोबत तो जोडावा लागतो. ५०० डॉलरच्या वर फॉर्म ८२८३ देखील भरावा लागतो.

टायटल नसण्याचा करावर परिणाम होतो तो येथे. मालकी संस्थेकडे गेली तरच देणगी पूर्ण होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टो ट्रक गाडी घेऊन गेला आणि टायटल फेब्रुवारीत मिळाले, तर देणगी कोणत्या वर्षाची हा वाद उभा राहू शकतो. आणि संस्थेला कागदाअभावी गाडी विकताच आली नाही, तर १०९८-सीदेखील येत नाही. म्हणून वर्षअखेरीस देणगी द्यायची असेल, तर दुय्यम प्रतीचा अर्ज उन्हाळा संपतानाच केलेला बरा.

शिवाय पुष्कळ कुटुंबांना ही वजावट मिळतच नाही. २०२५ या करवर्षासाठी प्रमाणित वजावट, म्हणजे खर्चाचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट, एकट्या व्यक्तीला १५,७५० आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पती-पत्नींना ३१,५०० डॉलर आहे. घरकर्जाचे व्याज, राज्याचे कर आणि देणग्या मिळून त्यापुढे जाणार असतील, तरच वजावटी स्वतंत्रपणे मांडण्यात अर्थ असतो. २०२६ पासून प्रमाणित वजावट घेणाऱ्यांनाही काही देणगीची वजावट मिळण्याची तरतूद आहे, पण ती रोख देणगीपुरतीच. गाडी त्यात बसत नाही. स्वतंत्र वजावटी मांडणाऱ्यांसाठी त्याच वर्षापासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याची पायरी आली आहे. दीड लाख डॉलर उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पहिल्या ७५० डॉलरवर काहीच मिळणार नाही. त्यामुळे ९०० डॉलरला विकलेली गाडी ही वर्षातली एकमेव देणगी असेल, तर प्रत्यक्ष वजावट १५० डॉलरची. एफ-१ व्हिसावरील भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारातील कलम २१ नुसार प्रमाणित वजावट घेता येते. ती घेतली की गाडीच्या देणगीची वजावट वेगळी मागता येत नाही. हे सारे पाहता, गाडी कर वाचवण्यासाठी नव्हे, तर ती एखाद्या कामाला लागावी म्हणून द्यावी; पैशांची खरी गरज असेल, तर ती विकून टाकणे अधिक फायद्याचे ठरते.

गाडी दारातून गेल्यावर

टो ट्रक निघून गेला तरी एक काम उरते, ते म्हणजे गाडी आता आपली नाही असे राज्याला कळवणे. संस्थेने आपले नाव चढवायला वेळ लावला, तर हीच सूचना आपले रक्षण करते. कॅलिफोर्नियात ती आरईजी १३८ या अर्जाने पाच दिवसांत द्यायची असते, टेक्ससमध्ये ३० दिवसांत. दोन्हीकडे ती ऑनलाइन देता येते. सूचना दिल्याची पावती जपावी.

पाट्यांचे नियम मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. कॅलिफोर्नियात साध्या पाट्या गाडीसोबत जातात; टेक्ससमध्ये त्या सहसा काढून घेतल्या जातात; न्यूयॉर्कमध्ये त्या डीएमव्हीला परत कराव्या लागतात, आणि तेथे पाट्या परत करण्यापूर्वीच विमा बंद केला, तर रजिस्ट्रेशन आणि पुढे चालक परवानाही निलंबित होऊ शकतो. त्यामुळे विमा सर्वांत शेवटी बंद करावा. टोलचे यंत्र काढून घ्यावे आणि टोलच्या खात्यातून गाडीचा क्रमांक वगळावा. गाडीच्या पडद्यावर साठवलेले फोन क्रमांक, घराचा पत्ता आणि गॅरेजच्या दाराची जोडणी पुसून टाकावी.

टायटलची छायाप्रत, टो ट्रकची पावती, संस्थेचे पत्र, राज्याला दिलेल्या सूचनेची पोच आणि आला असल्यास १०९८-सी एकत्र ठेवावेत. विवरणपत्र भरल्यापासून साधारणपणे तीन वर्षे आयआरएस ते तपासू शकते, तेव्हा निदान तितका काळ ही फाइल हाताशी असावी. भारतात परतणाऱ्यांनी तिची स्कॅन केलेली प्रत स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवावी, आणि अमेरिकेतील टपाल ज्या नातेवाइकाच्या पत्त्यावर वळवले असेल, त्याला वाहन खात्याकडून किंवा टोल कंपनीकडून आलेले कोणतेही पाकीट उघडून त्याचा फोटो त्याच दिवशी पाठवायला सांगावे, कारण अशा नोटिशीला उत्तर देण्याची मुदत छोटी असते.